मुंबईची गोदी उभारणारा सुरतेचा सुतार : लवजी नसरवानजी वाडिया

आपल्या मंडळातील बहुतेक घरांची हकिकत सारखीच आहे. कोणी कोकणातून आले, कोणी खानदेशातून, कोणी मुंबईच्या चाळीतून. नोकरी-धंद्यासाठी सुरत गाठली आणि इथलेच होऊन गेले. माझेही तसेच झाले. परंतु आज मला ज्या थोर पुरुषाविषयी लिहायचे आहे, त्यांनी हाच प्रवास उलट दिशेने केला. ते सुरतेहून मुंबईला गेले. साल होते १७३६. बरोबर दहा सुतार होते आणि हातात वाकस, करवत, सामता अशी हत्यारे. त्या अकरा माणसांनी मुंबई बंदराचे नशीब पालटले असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

त्यांचे नाव लवजी नसरवानजी वाडिया. वाडिया हे नाव आपण कापडाच्या गिरण्या, रुग्णालये आणि उद्योगसमूह यांमुळे ओळखतो. पण या घराण्याचा मूळ पुरुष गिरणीमालक नव्हता, सावकार नव्हता. तो लाकूड तासणारा कारागीर होता. वाडिया या आडनावाचा अर्थच मुळी जहाज बांधणारा असा सांगतात.

सिंगणपोरचा मुलगा

लवजींचा जन्म १७०२ साली सुरतेजवळच्या सिंगणपोर गावी एका पारशी कुटुंबात झाला. आज सिंगणपोर म्हटले की आपल्याला तापीवरचा कॉजवे आणि संध्याकाळची रहदारी आठवते. त्या काळी ते नदीकाठचे खेडे होते. दिल्लीच्या तख्तावर अजून औरंगजेब होता आणि सुरत हे मोगलांचे पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत श्रीमंत बंदर होते. हजला जाणारी मोठमोठी जहाजे इथूनच सुटत. इंग्रज, डच, फ्रेंच यांच्या वखारी इथे होत्या. आपण मराठी माणसे सुरतेचा इतिहास १६६४ आणि १६७० या दोन सालांनी ओळखतो. शिवाजी महाराजांनी दोनदा लुटूनही जी नगरी पुन्हा उभी राहिली, तिच्याकडे केवढी संपत्ती असेल!

त्या संपत्तीतला एक वाटा असा होता की जो पेटाऱ्यात सापडत नाही. तो म्हणजे इथल्या कारागिरांचा हात. तापीच्या काठी जहाजे बांधली जात आणि ती बांधण्यात पारशी सुतारांचा मोठा हिस्सा होता. लवजी याच वातावरणात वाढले. विलायतेत शिकायला गेले नाहीत, पुस्तके वाचून कारागीर झाले नाहीत. लाकूड कसे बोलते ते त्यांनी हाताने शिकून घेतले. तरुण वयातच ते धनजीभाई नावाच्या जहाजबांधणी करणाऱ्या पारशी गृहस्थांच्या कारखान्यात मुकादम झाले.

लाकडाची विद्या

लवजींच्या हातात काय विद्या होती हे समजल्याशिवाय त्यांचे मोठेपण कळणार नाही, म्हणून थोडे विषयांतर करतो.

अरबी समुद्रातील मध्ययुगीन जहाजे पुष्कळदा शिवलेली असत. होय, शिवलेली! फळ्यांच्या कडांना भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना बांधत आणि फटी बुजवून वरून तेल चोपडत. लोखंडाचा खिळा नाही. असे जहाज वाळूवर आपटले तर थोडे लवते, पण लगेच फुटत नाही. अरबस्तानापासून मलबारपर्यंत शेकडो वर्षे व्यापार अशाच जहाजांतून चालला. कोकण-गोव्यातही शिवलेल्या होड्या होत्या. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज आले, जहाजांवर जड तोफा चढल्या आणि खिळ्यांनी जोडलेल्या भक्कम बांधणीला महत्त्व आले.

सुरतेच्या सुतारांची खुबी यापुढची होती. ते दोन फळ्या नुसत्या कडेला कड लावून ठेवत नसत. एका फळीच्या कडेला खोबण काढायची, दुसरीच्या कडेला तिच्यात नेमकी बसणारी कूस ठेवायची आणि मध्ये कापूस व राळ घालून दोन्ही एकमेकींत घट्ट ठोकून बसवायच्या. मग लांब खिळे आतल्या वाकांपर्यंत मारून त्यांची टोके वाकवायची. तळाला चुना आणि तेल यांचा लेप द्यायचा, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा लवकर शिरत नाही. ही जोडणी इतकी चपखल असे की युरोपातून आलेले प्रवासी ती पाहून थक्क होत आणि आपल्या वृत्तांतात लिहून ठेवत.

दुसरी खुबी लाकडाची. इंग्रजांची जहाजे ओक लाकडाची. ओकमध्ये एक आम्ल असते, त्यामुळे त्यात मारलेला लोखंडी खिळा हळूहळू गंजतो आणि भोवतालचे लाकूडही खराब होते. आपल्या सागात मात्र तेल असते. खिळा टिकतो, पाणी मुरत नाही, वाळवी सहसा लागत नाही. म्हणून सागाचे जहाज ओकच्या जहाजापेक्षा कितीतरी अधिक वर्षे चाले. साग मलबारातून येई, तसाच तो आपल्या सुरतेच्या पाठीमागच्या डांगच्या जंगलांतूनही येई.

ही विद्या अगदीच लोपलेली नाही. कच्छमधील मांडवीला रुक्मावती नदीच्या काठी लाकडी वहाणे बांधतात, ती मी मुद्दाम जाऊन पाहिली आहेत. प्रथम जमिनीवर पठाण ठेवतात. पठाण म्हणजे जहाजाचा कणा. त्यावर बरगड्यांसारखे वाक उभे राहतात. वाकांसाठी मुद्दाम वाकडी वाढलेली बाभूळ निवडतात, कारण सरळ लाकूड कापून वाकडे केले तर त्याचा धागा तुटतो. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना मी नकाशा कुठे आहे असे विचारले. त्यांनी हसून स्वतःच्या कपाळावर बोट ठेवले! अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी लवजींकडे कोणी नकाशा मागितला असता तर त्यांनीही बहुधा तेच केले असते.

डडली आणि दहा सुतार

१७३५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा डडली नावाचा अधिकारी मुंबईहून सुरतेला आला. कंपनीला क्वीन नावाचे एक जहाज धनजीभाईंच्या कारखान्यात बांधून घ्यायचे होते. कामावर देखरेख करताना डडलीची नजर मुकादमावर गेली. माणूस कमी बोलतो, काम चोख करतो, कारागिरांकडून काम करून घेतो आणि मापात चूक होऊ देत नाही. मुंबईला कंपनीची स्वतःची गोदी उभारायची होती. त्यासाठी असाच माणूस हवा होता. त्याने लवजींना मुंबईला येण्याचा आग्रह केला.

आता लवजींच्या स्वभावाची परीक्षा होती. कंपनीसारखा धनी बोलावतो आहे, पगार वाढणार आहे. दुसरा कोणी असता तर हातातले काम टाकून निघाला असता. परंतु अंगावर घेतलेले जहाज पुरे झाल्याशिवाय आणि मालकाशी असलेला शब्द पाळल्याशिवाय लवजी हलले नाहीत, असेच त्यांच्याविषयी सांगितले जाते. काम संपले आणि मग ते निघाले. त्यांच्याबरोबर दहा सुतारही निघाले.

सुरतेचे दिवसही तेव्हा पालटू लागले होते. मोगल सत्ता ढिली झाली होती, तापीच्या मुखाशी गाळ साचत होता, आसपासचा मुलूख मराठी सरदारांच्या हाती जात होता. व्यापाऱ्याला आणि कारागिराला शांतता लागते, आणि ती मिळेल तिकडे तो जातो. आपल्यापैकी कोणाला हे वेगळे सांगायला नको.

मुंबईची गोदी

त्या वेळची मुंबई म्हणजे सात बेटांचे दलदलीचे गाव. सुरतेपुढे ती काहीच नव्हती. पण तिच्याकडे एक गोष्ट होती जी सुरतेकडे नव्हती. ती म्हणजे वादळवाऱ्यापासून सुरक्षित आणि खोल असे नैसर्गिक बंदर. लवजींनी गोदीची जागा पाहिली, काम सुरू केले. पुढे कंपनीने त्यांना सागाच्या खरेदीसाठी उत्तरेकडे पाठवले. परत येताना ते आपल्या कुटुंबाला बरोबर घेऊन आले. म्हणजे आता मुंबई हेच घर झाले!

पुढचे मोठे काम झाले १७५० साली. लवजी आणि त्यांचे बंधू सोराबजी यांनी मुंबईत कोरडी गोदी बांधली. आशियातील पहिली कोरडी गोदी म्हणून ती ओळखली जाते. तिच्यामुळे काय फरक पडला? तोपर्यंत जहाजाचा तळ साफ करायचा तर ते भरतीला किनाऱ्यावर चढवायचे आणि एका कुशीवर कलंडवायचे. मोठ्या जहाजाचे सांधे त्यात खिळखिळे होत. कोरड्या गोदीत दगडी बांधकामाचा खोल हौद असतो आणि समुद्राच्या बाजूला दरवाजे. उधाणाच्या भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरू द्यायचे आणि दरवाजे बंद करायचे. जहाज टेकूंवर सरळ उभे राहते. मग सुतार, लोहार, रंगारी त्याच्या पोटाखाली बिनधोक काम करू शकतात. हे सर्व जमते ते मुंबईला भरती-ओहोटीत पाण्याची पातळी पुष्कळ खालीवर होते म्हणून. निसर्गाची ही देणगी लवजींनी कामाला लावली. १७६२ आणि १७६५ मध्ये आणखी दोन गोद्या तिला जोडून झाल्या.

हिंदी महासागरात लढणाऱ्या इंग्रज आरमाराला जहाज मोडले की दुरुस्तीसाठी विलायतेला जाण्याची गरज उरली नाही. मुंबईचे महत्त्व वाढले ते काही एका गोष्टीने नव्हे, पण त्यात या गोदीचा वाटा फार मोठा आहे.

मराठी मनाला बोचणारा प्रश्न

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. कारण ज्या वर्षांत लवजी मुंबईत जहाजे बांधत होते, त्याच वर्षांत कोकणच्या किनाऱ्यावर आंग्र्यांचे आरमार नांदत होते.

सरखेल कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. त्यांच्या गुराबा आणि गलबते यांचा धाक मुंबईच्या इंग्रजांना होता. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, नाळेवरून पुढे तोफा डागणारी. गलबत हलके, चाळीस-पन्नास वल्ह्यांनी वारा नसतानाही पळणारे. उथळ खाडीत शिरावे, दबा धरावा आणि अवजड जहाजावर झडप घालावी, ही त्यांची रीत. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटन खाडीत खडक कोरून केलेली मराठ्यांची गोदी आजही पाहायला मिळते. म्हणजे विद्या आपल्याकडेही होती, साग होता, खाड्या होत्या, भंडारी-कोळी-खारवी दर्यावर्दी होते.

पण आपल्या घरातच फूट पडली. तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचे जमेना. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या पाण्यात आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. इंग्रजांचा तो काफिला मुंबईतूनच तयारी करून निघाला होता. पुढे तीनच वर्षांनी, मार्च १७५९ मध्ये, मुंबईहून आलेल्या कंपनीच्या फौजेने आणि जहाजांनी सुरतेचा किल्ला घेतला. लवजींची जन्मभूमी अशा रीतीने त्या कंपनीच्या हाती गेली, जिची जहाजे लवजींच्या गोदीत बांधली आणि दुरुस्त केली जात होती.

मग लवजींना काय म्हणावे? परक्यांचा चाकर म्हणून त्यांना बाजूला सारावे का? मला तसे वाटत नाही. त्या काळी आजच्यासारखी देशाची कल्पना नव्हती. कारागीर ज्याचे मीठ खाई त्याचे काम इमानाने करी. विजयदुर्गला जे झाले त्याचा दोष वाकस चालवणाऱ्या हाताला कसा द्यावा? त्याचा दोष एकमेकांचा काटा काढू पाहणाऱ्या आपल्या सत्ताधीशांकडे जातो.

मला खरा धडा दुसराच वाटतो. शिवाजी महाराजांनी १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीला जहाजे बांधायला घेतली तेव्हा रुय लैतांव व्हियेगश या पोर्तुगीज कारागिराला आणि त्याच्या माणसांना कामावर ठेवले होते. वसईच्या पोर्तुगीजांनी हे पाहिले आणि त्या कारागिरांना फितवून पळवून नेले. कारण त्यांना ठाऊक होते की जहाज जाळण्यापेक्षा जहाज बांधणारा फोडणे अधिक परिणामकारक असते. महाराजांनी हार न मानता आपल्या लोकांकरवी आरमार उभे केले, हा त्यांचा मोठेपणा. पण पुढच्यांना कारागिराची ही किंमत राहिली नाही. इंग्रजांनी मात्र सुरतेच्या एका मुकादमाची किंमत अचूक ओळखली, त्याला मान दिला, त्याच्या मुला-नातवंडांना धरून ठेवले. आपल्याला आंग्र्यांच्या सरदारांची नावे पाठ असतात. ती देखणी गुराब कोणी तासली, हे विचारण्याची मात्र आपल्याला सवय नाही.

बारा रुपयांची नोकरी

लवजींना माणेकजी आणि बमनजी असे दोन मुलगे गोदीच्या कामात मदत करीत होते. १७७२ च्या सुमारास दोन नातूही गोदीत दाखल झाले. माणेकजींचे फ्रामजी आणि बमनजींचे जमशेटजी. आजोबा मुख्य बांधकामगार, कंपनीच्या दरबारात वजन. मनात आणले असते तर नातवंडांना खुर्चीवर बसवता आले असते. पण ती दोघे साधे सुतार म्हणून, महिना बारा रुपयांवर कामाला लागली. लाकूड उचलण्यापासून सुरुवात! आजच्या आईवडिलांनी आणि आजी-आजोबांनी यावर जरूर विचार करावा.

१७७४ साली लवजींचे निधन झाले. अडतीस वर्षे त्यांनी मुंबईच्या गोदीत काढली होती. लाखो रुपयांचे लाकूड, लोखंड, तांबे त्यांच्या हातांखालून गेले होते. त्यांच्या मागे निघाले काय? एक घर आणि वीस हजारांपेक्षा कमी रुपये. बस्स. कंपनीचे कित्येक गोरे अधिकारी चार-पाच वर्षांत याहून कितीतरी अधिक गाठोडे बांधून विलायतेला जात. लवजींनी मुलांना खरा वारसा दिला तो निराळाच होता. वाडियाने बांधलेले जहाज म्हणजे बुडणार नाही, वाडियाने सांगितलेली किंमत म्हणजे तीत लबाडी नाही, हा विश्वास. या विश्वासावर त्या घराण्याकडे पुढे शंभरहून अधिक वर्षे मुंबईच्या गोदीची मुख्य कारागिरी राहिली.

नातवाने केलेले नाव

तेच बारा रुपयांचे जमशेटजी पुढे आजोबांच्या जागेवर आले. इंग्लंडच्या शाही आरमाराने आपले मोठे लढाऊ जहाज ब्रिटनबाहेर बांधून घेतले ते पहिल्यांदा त्यांच्याकडून. ७४ तोफांचे मिंडेन १८१० मध्ये पाण्यात उतरले. अमेरिकेचे राष्ट्रगीत याच जहाजावर लिहिले गेले, असे पुष्कळ लेखांत छापून येते. ते इतिहासाला धरून नाही, आणि जमशेटजींच्या कीर्तीला त्या गोष्टीची गरजही नाही. त्यांनी बांधलेल्या १८१३ च्या कॉर्नवॉलिस जहाजावर १८४२ मध्ये चीन आणि इंग्लंड यांच्यातील नानकिंगचा तह झाला. नवे जहाज बांधायला घेताना पठाणात चांदीचा खिळा ठोकण्याची प्रथा या घराण्याने पाळली होती. देवाचे नाव घेऊनच कामाचा आरंभ.

जमशेटजींविषयी एक गोष्ट सांगतात. एका जहाजाच्या पोटात, सहसा कोणाची नजर जाणार नाही अशा जागी, हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले अशा अर्थाचा मजकूर त्यांनी सन १८०० सालासह कोरून ठेवला होता. अनेक वर्षांनी जहाज दुरुस्तीला आले तेव्हा तो त्यांनी स्वतःच दाखवला. गोऱ्या साहेबांकडून ऐकावे लागलेले सारे अपमान त्या एका ओळीत आले. आजोबांनी मुकाट्याने काम केले, नातवाने सही केली!

ट्रिंकोमाली हे त्यांचे आणखी एक जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरले. दोनशे वर्षे उलटून गेली. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ते आजही पाण्यावर तरंगते आहे आणि लोक तिकीट काढून ते पाहायला जातात. ओकची असंख्य जहाजे कधीच कुजून गेली, पण आपला साग आणि आपल्या सुतारांचे सांधे अजून पाण्याला दाद देत नाहीत.

पुढे वाफ आली, लोखंड आले. या घराण्याने तेही शिकून घेतले. लवजींचे वंशज अर्देशीर करसेटजी १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले, हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडी युद्धनौकांचे युग संपले. लवजींच्या गोद्या मात्र मुंबईच्या नौदल गोदीच्या आवारात आहेत, आणि आता तिथे आपल्या स्वतंत्र देशाचा झेंडा फडकतो.

लवजींचे नाव इतिहासात राहिले, याचा आनंद आहे. परंतु हा लेख लिहिताना माझे मन पुन्हा पुन्हा त्यांच्याबरोबर गेलेल्या दहा सुतारांकडे वळत होते. तापीकाठचे घर सोडून, अनोळखी बेटावर, केवळ मुकादमाच्या शब्दावर विश्वास ठेवून ते निघाले. एकटे लवजी काय करणार होते? खोबण एकाने काढली, कूस दुसऱ्याने बसवली, कापूस तिसऱ्याने भरला, तेव्हा कुठे जहाज तरले. आपल्या उत्सवातही मूर्ती घडवणारे, मांडव घालणारे, रात्री जागून वायरी जोडणारे आणि पहाटे उठून प्रसादाची पातेली चढवणारे हात असेच असतात. कार्यक्रमपत्रिकेवर त्यांची नावे क्वचितच येतात. या वर्षी आरतीनंतर अशा एखाद्याला जवळ बोलावून त्याचे नाव-गाव आवर्जून विचारू या. कलेच्या आणि विद्येच्या अधिपतीला ती पूजा नक्कीच पावेल.

गणपती बाप्पा मोरया!